काही महिन्यांसाठी आई-बाप हवेत : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी फॉस्टर केअरवर लिहिलं होतं, कागदोपत्री त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. दोनच पानं होती. सांगायचं एवढंच होतं की बालगृहात राहणारी सगळी मुलं अनाथ नसतात. कुणाची आई आजारी असते, कुणाचा बाप जेलमध्ये असतो, कुणाचे दोघंही दारूत बुडालेले असतात आणि कुणाला मामा-मावशी असून ठेवून घ्यायला तयार नसतात. अशा मुलांना काही महिने, कधी काही वर्षं आपल्या घरात ठेवून घेणारं साधं कुटुंब लागतं आणि नेमकी तीच कुटुंबं मिळत नाहीत. लेख आल्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आले, एक काका तर पत्ता विचारत थेट घरी आले. जे प्रश्न परत परत आले ते इथं घेतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : बाई, लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. दत्तकसाठी नाव नोंदवून अडीच वर्षं झाली, अजून नंबर लागला नाही. तुमचा लेख वाचून हे म्हणाले की फॉस्टरमधून लवकर मिळत असेल तर तिकडून आणू आणि मग आपलंच करून घेऊ. शक्यतो वर्षाच्या आतलं हवंय म्हणजे त्याला आधीचं काही आठवणार नाही. कसं करायचं?
— जुळे सोलापूर

उत्तर : अडीच वर्षं फोन वाजला की दचकणं म्हणजे काय ते मी जवळच्या घरात बघितलंय, त्यामुळे तुमच्यावर रागावत नाहीये, पण नाही म्हणूनच सांगावं लागेल. दत्तक घेतलेलं मूल कायद्यानं तुमचं होतं, नाव तुमचं, वारसा तुमचा. फॉस्टरमध्ये मूल बालकल्याण समितीच्या (म्हणजे अशा मुलांनी कुठं राहायचं हे ठरवणारी सरकारी समिती) आदेशानं तुमच्या घरी राहतं, आधी वर्षभरापर्यंत, मग गरज बघून मुदत वाढवतात, ती अठरा वर्षांपर्यंतही जाऊ शकते. पण त्याचे आई-बाप सावरले तर ते परत जाणार, आणि जावं म्हणूनच तर ही सगळी खटपट असते. शिवाय २०२४ च्या केंद्राच्या नव्या नियमांत फॉस्टरसाठी साधारण सहा वर्षांच्या पुढचीच मुलं धरलीत. तान्हं बाळ तिथं नाही.

देशात दत्तकासाठी तीस हजारांवर कुटुंबं रांगेत उभी आहेत आणि कायद्यानं दत्तकाला मोकळी झालेली मुलं त्यापुढं फार थोडी, त्यामुळं तिथं थांबावंच लागतं. दुसरीकडं आठ, दहा, तेरा वर्षांची मुलं बालगृहात बसलीत आणि त्यांच्यासाठी रांगच नाही, उलट मुलंच रांगेत आहेत. हे मला फार लागतं. एक वाट आहे तीही सांगते. फॉस्टरमध्ये ठेवलेलं मूल पुढं कायद्यानं दत्तकाला मोकळं झालं तर दोन वर्षं सांभाळलेल्या कुटुंबाला ते दत्तक घेता येतं, पूर्वी पाच वर्षं लागायची. पण पहिल्या दिवसापासून त्यावरच डोळा ठेवून मूल घरी आणू नका. मुलाची आई भेटायला आली की तुमच्या पोटात गोळा येईल, तुम्ही मनातल्या मनात तिचं वाईट चिंतायला लागाल आणि मुलाला ते न सांगता कळतं.

आणि "काही आठवणार नाही" असं मूल शोधू नका. तुमचा दत्तकाचा नंबर लागेल तेव्हासुद्धा येणाऱ्या बाळाला मागचं काहीतरी असणारच, ते त्याचं आहे, पुसायची गरज नाही.

प्रश्न : ओ बाई, मी पन्नाशीची आहे, मालक जाऊन सहा वर्षं झाली. पोरगी पुण्याला दिली. घरी मी एकटीच, विड्या वळते, थोडी पेन्शन येते, दोन खोल्याचं घर स्वतःचं आहे. मला एखादी पोरगी ठेवून घ्यायची लई इच्छा आहे पण लोक म्हणतात एकट्या बाईला देत नाहीत, श्रीमंत लागतं म्हणतात. खरंय का?
— विडी घरकुल

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. खरं नाही, म्हणजे आता खरं नाही. २०१६ च्या नियमांत नवरा-बायकोचं जोडपंच धरलं होतं, पण २०२४ पासून एकट्या माणसालाही फॉस्टर पालक होता येतं, विधवा असो, घटस्फोटित असो, वेगळी राहणारी असो की लग्नच न केलेली, वय ३५ ते ६० मध्ये पाहिजे. एकट्या बाईला मुलगा-मुलगी कोणीही ठेवता येतं, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. जोडपं असेल तर लग्नाला निदान दोन वर्षं झालेली पाहिजेत आणि दोघांच्या वयाची बेरीजही बघतात.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष म्हणून ऑफिस असतं, महिला व बालविकास खात्याच्या अखत्यारीत, तिथं जा आणि "फॉस्टर पालक म्हणून नोंदणी करायचीय" असं सरळ म्हणा. नोंदणी केंद्राच्या पोर्टलवर होते, आधार लागतं, तुम्हाला जमत नसेल तर तिथंच भरून मागा, लाजू नका. मग तुमची तब्येत तपासतात, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, ओळखीच्या दोघांना विचारतात आणि सामाजिक कार्यकर्त्या घरी येतात. त्या आल्या की भिंतीला रंग दिलाय का, सोफा आहे का हे बघत नाहीत हो. पोरीला झोपायला जागा आहे का, संडास-बाथरूमची सोय कशी आहे, शाळा किती लांब, घरात दारू पिऊन येणारं-जाणारं कुणी आहे का, हे बघतात. आणि तुम्हाला हे का करायचंय ते विचारतात. तिथं जे मनात आहे ते सांगा, म्हातारपणी आधार पाहिजे असं मनात असेल तर आत्ताच स्वतःशी कबूल करा, कारण ती आधार द्यायला येत नाहीये, घ्यायला येतेय.

पैशांचं म्हणाल तर मिशन वात्सल्य योजनेत फॉस्टरमधल्या मुलामागं महिन्याला ४ हजार रुपये धरलेत. हप्ता कधी उशिरा येतो, म्हणून त्याच्यावर वाण्याची उधारी ठेवू नका, तेवढं तुमच्या विड्या-पेन्शनमधून निभतंय का बघा. आणि एक माझ्याकडून. घरात विड्या वळता तर तिला पानं कापायला, दोरा बांधायला बसवू नका, गंमत म्हणून पण नको. तुमच्या गल्लीत पोरी आयांना हातभार लावतात, माहितीये मला, मी पूर्व भागातल्या शाळेत तीस वर्षं शिकवलंय आणि तंबाखूच्या वासाच्या दप्तरांवरून कुणाच्या घरी काय चालतं ते ओळखायचे. ही पोरगी तुमच्या घरी कामाला आली असं तिला एक दिवस जरी वाटलं तर सगळं वाया गेलं.

प्रश्न : आम्ही मित्र मिळून दरवर्षी मुलांच्या वाढदिवसाला एका बालगृहात जेवण देतो, वह्या-पुस्तकं देतो. तिथं मुलं आनंदात दिसतात, शिस्त आहे, अभ्यास घेतात. मग घराघरात वाटून ठेवायची काय गरज? उलट संस्था चांगल्या केल्या तर?
— अशोक चौक

उत्तर : संस्था चांगल्या असाव्यात यात वादच नाही, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला तर त्याचा मोठा वारसा आहे. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लोकांनी १८७५ साली अनाथ बालकाश्रम काढला, विधवांची टाकून दिलेली लेकरं मरत होती त्या काळात. तिथं नुसतं छप्पर मिळणं हेच जिवंत राहणं होतं. आजही रात्री स्टेशनवर सापडलेल्या मुलाला सकाळपर्यंत न्यायचं कुठं तर बालगृहातच.

पण दादा, तुम्ही वर्षातून एकदा जाता, गोड जेवण असतं त्या दिवशी. मी एका संस्थेत काही महिने संध्याकाळी गणित शिकवायला जायचे. तिथली एक काळजीवाहक बाई फार मायेची होती, पण तिच्याकडं पंचवीस मुलं होती आणि ड्यूटी बदलली की बाई बदलायची. ताप आला तर गोळी मिळायची. कपाळावर हात ठेवून बसायला कुणी नव्हतं, कारण बसणार कोण? तिथल्या मुलाला दूध उतू जाताना कसं पळायचं ते माहीत नाही, पाहुणे येणार म्हणून घर आवरायचं असतं हे माहीत नाही, घरात दोन माणसं भांडून परत एका ताटात जेवतात हे तर त्यानं बघितलेलंच नसतं. अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडतो तेव्हा त्याला भाड्याची खोली मिळवून देता येते, पण घर चालतं कसं हे तेव्हा कोण शिकवणार?

रुमानियात बुखारेस्टला २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. तिथं अनाथालयांत राहणारी १३६ लहान मुलं घेतली, अर्धी फॉस्टर कुटुंबांत ठेवली, अर्धी नेहमीप्रमाणं संस्थेत. त्या शहरात तेव्हा फॉस्टर कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, म्हणून संशोधकांना आधी कुटुंबं शोधून तयार करावी लागली. पुढं वर्षानुवर्षं तपासलं तेव्हा घरात वाढलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसाशी जीव जोडण्याची ताकद जास्त चांगली निघाली आणि दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. संस्थेतल्यांना खायला-प्यायला मिळत होतं, कमी पडला तो एकच कायमचा माणूस.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही हेच म्हणतो की संस्था हा शेवटचा उपाय, आधी आई-बाप, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, कुटुंबं मात्र पुढं येत नाहीत. मी लोकांना विचारत असते का येत नाही, तर कुणी म्हणतं जागा नाही, कुणी म्हणतं सासूबाईंना चालणार नाही आणि दोघा-तिघांनी मला सरळ विचारलं, मुलाची जात कोणती असेल? मोठमोठ्या पदांवरच्या लोकांनी विचारलं. मला वाईट वाटतं हे लिहिताना पण लिहायलाच पाहिजे, की जागेपेक्षा हे कारण मोठं आहे. इंग्लंडमध्येसुद्धा फॉस्टर पालक कमी पडतात, तिथं ऐंशी हजारांवर मुलं सरकारच्या देखभालीत आहेत, पण तिथली बहुतेक मुलं निदान कुणाच्या तरी घरात तरी आहेत. आपण अजून उंबऱ्याशीच अडलोय.

जेवण द्यायचं बंद करू नका. पण पुढच्या वाढदिवसाला त्या आठ-दहा मित्रांपैकी एकानं तरी अधीक्षकांना विचारावं की इथल्या कुठल्या मुलाला घर पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडं तीन महिन्यांपासून आठ वर्षांचा मुलगा फॉस्टरमध्ये आहे. पहिले पंधरा दिवस देवासारखा होता. आता खोटं बोलतो, डब्यातले लाडू चोरतो, अंथरूण ओलं करतो, मिसेसला म्हणतो तू माझी आई नाहीस. आम्ही काही कमी केलेलं नाही. मिसेस रडते. परत पाठवावं असं वाटायला लागलंय.
— होटगी रोड

उत्तर : परत पाठवायचं असेल तर तो मार्ग आहे, समितीला सांगता येतं, कुणी तुम्हाला गुन्हेगार ठरवणार नाही. पण आधी माझं ऐका.

ते पहिले पंधरा दिवस तो पाहुणा होता. कधी हाकलतील कळत नाही म्हणून शहाण्यासारखा वागत होता. आता वाईट वागतोय म्हणजे त्याला थोडीशी खात्री वाटायला लागलीय आणि तो ती तपासून बघतोय. फार उलटं वाटतं, पण असंच असतं. "तू माझी आई नाहीस" म्हणतो तेव्हा तो खरंच बोलतोय, त्याची आई दुसरी आहे. तुमच्या मिसेसनी म्हणावं, हो बाळा, तुझी आई वेगळी आहे, मी काकू आहे, आणि वरण थंड व्हायच्या आत जेवायला ये. बास. त्याला आई म्हणायला लावू नका, त्यानं आपणहून म्हटलं तर म्हणू दे.

लाडवांचं सांगते. आमच्याकडं काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांची एक मुलगी होती, घरची भाषा तेलुगू. आल्यावर दहा-बारा दिवसांनी गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली कडक भाकरीचे तुकडे, फडक्यात नीट बांधलेले. चपाती लपवली तर बुरशी येते, वास येतो, सापडते. कडक भाकरी टिकते, हे त्या एवढ्याशा पोरीनं हेरून ठेवलं होतं. मला आधी राग आला, खोटं का सांगणार, पोटभर देतो तरी चोरते म्हणून. मग आमचे हे म्हणाले, तिला तिचा डबा दे. मी एक पितळी डबा घासून तिच्या उशाशी ठेवला, त्यात भाकरी आणि शेंगाचटणी, आणि सांगितलं की हा तुझा, विचारायचं नाही, संपला की मी भरणार. सुरुवातीला दोन दिवसांत संपायचा. मग आठवडा लागायला लागला. पाचव्या महिन्यात एकदा उघडला तर चटणी खवट झालेली, तिनं हातच लावला नव्हता. तो खवट वास आला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आनंदानं.

लाडवांना कुलूप लावू नका. त्याचा डबा करा.

अंथरुणाचं कुणासमोर बोलू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच. प्लास्टिक घाला, चादर बदला, धुवा, विषय संपला. रात्री तुम्ही झोपायच्या आधी त्याला उठवून एकदा बाथरूमला न्या. त्याच्यावर ओरडलात तर वाढणार. दोन-तीन महिन्यांनीही तसंच राहिलं तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. खोटं बोलतो म्हणता तर खरं बोलल्यावर त्याला आजवर काय मिळालं असेल याचा विचार करा, बहुतेक मारच. खरं सांगितलं की शिक्षा नाही असा नियम घरात करा आणि पाळा, पाळणं आपल्यालाच अवघड जातं.

आणि मिसेसना माझा निरोप द्या की रडण्यात काही चूक नाही. पण सगळं त्यांच्या एकट्यावर टाकू नका. रात्री उठवायचं काम तुमचं.

प्रश्न : एवढा जीव लावायचा, शाळेत घालायचं, आजारपण काढायचं, आणि मग एक दिवस समितीनं सांगितलं की द्या परत. मग जीव लावायचाच कशाला? माझ्यानं हे सहन होणार नाही म्हणून मी यात पडणार नाही. तुम्ही कसं सहन केलं ते खरं सांगा.
— बार्शी

उत्तर : खरं सांगते. ती भाकरीवाली मुलगी आमच्याकडं चौदा महिने होती. तिच्या आईला टीबी होता, साध्या औषधांना दाद न देणारा, त्याचा उपचार लांबलचक असतो आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. आई भेटायला यायची तेव्हा सुरुवातीला मास्क लावून दाराशीच बसायची, आत या म्हटलं तरी नाही. तिला माझी लाज वाटायची आणि मला तिची भीती, की ही आता नेणार. दोन बायका एका पोरीकडं बघत गप्प बसायच्या. मग एकदा मी तिला म्हटलं, हिच्या केसांत उवा झाल्यात, माझ्यानं निघत नाहीत, तुम्ही बघता का. ती आत आली, पोरगी मांडीवर आडवी झाली आणि पाऊण तास ती केस विंचरत होती, तेलुगूत काहीतरी बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही. पण त्या दिवशी मला कळलं की हिची जागा मला घ्यायची नाहीये, राखून ठेवायचीये.

परत गेली त्या दिवशी मी जेवले नाही. आमचे हे सवयीनं अर्धा लिटर दूध जास्त आणत राहिले आठवडाभर आणि आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही, खीर करत राहिलो. तिची खोली मी महिनाभर आवरली नाही. त्रास होतो, फार होतो, होत नाही असं सांगणारी फॉस्टर आई मला अजून भेटलेली नाही.

पण माझं माहेर वेळापूरचं. दरवर्षी माउलींची पालखी मुक्कामाला यायची. ओळख ना पाळख अशा माणसांचे पाय आमची आजी तेलानं चोळायची, फोड आलेल्या ठिकाणी हळद लावायची, रात्री उशिरापर्यंत पंगती उठायच्या आणि सकाळी ती माणसं पुढं जायची. आजी वेशीपर्यंत जाऊन रडायची. लहानपणी मी तिला विचारलं होतं, जाणारच आहेत तर एवढं कशाला करतीस गं? ती म्हणाली, अगं त्यांना पंढरीला जायचंय, माझ्या दारात थोडंच राहायचंय. तेवढंच बोलली आणि भांडी घासायला लागली.

तुम्ही म्हणता सहन होणार नाही. विचार असा करून बघा की ते दुःख कुणीतरी घ्यायचंच आहे. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला घर आहे, माणसं आहेत, तुम्ही रडून चार महिन्यांनी उभ्या राहाल. तुम्ही घेतलं नाहीत तर त्या वर्षात ते नऊ वर्षांच्या मुलीनं एकटीनं घ्यायचं. जीव न लावता ठेवलं तर ते बालगृहच झालं, फक्त भिंती तुमच्या.

तयारी मात्र करता येते. पहिल्या दिवसापासून मुलाला खरं सांगा की तू इथं का आहेस आणि कोण बरं झाल्यावर जाणार आहेस. तिच्या आईचा फोटो घरात लावा. शाळेचे रिपोर्ट, काढलेली चित्रं, पडलेले दात, सगळं एका पिशवीत जपा, जाताना ती पिशवी बरोबर द्या, नाहीतर तिच्या आयुष्यातलं ते एक वर्ष कुणाकडंच राहत नाही. आणि एकदम तोडू नका. आधी दोन दिवस आईकडं, मग आठवडा, मग कायमचं, असं समितीला सांगून करता येतं. आमच्याकडची आता मोठी झालीय. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला मायलेकी येतात, आमच्याकडं जेवतात, आणि ती मला काकूच म्हणते, आईला अम्मा. तशीच बरी वाटते मला.

तरीही नाहीच जमणार असं वाटत असेल तर नका पडू. जबरदस्तीनं कुणी ठेवलेलं मूल मी बघितलंय, ते नको.

प्रश्न : (हे पत्र आजींनी नातीकडून लिहून घेतलंय.) माझा लेक आणि सून दोघं गेले. दोन नातवंडं माझ्याकडं हायत, सहावीत आणि तिसरीत. मी पासष्टची, शेतमजुरी करते. जावई म्हणतो एकाला बोर्डिंगला घाल. मला दोघांना तोडायचं नाही. सरकारचं काही मिळतं का?
— मोहोळ तालुका

उत्तर : आजी, तोडू नका. भावंडं एकत्र राहावीत असं सरकारचे नियमही म्हणतात. आणि मुलांनी रक्ताच्या माणसाकडं राहणं हे सगळ्यात चांगलं, तुम्ही जे करताय त्याला तोड नाही.

महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. आई-बाप दोन्ही किंवा एक गेलेल्या, किंवा आई-बाप सांभाळू शकत नाहीत अशा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना नातेवाइकांच्या घरी सांभाळायला दर मुलामागं महिन्याला २२५० रुपये मिळतात. दोन नातवंडं म्हणजे ४५०० झाले. मृत्यूचे दाखले, आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँक पासबुक, फोटो, एवढं गोळा करा. अंगणवाडीच्या बाईंना किंवा शाळेतल्या सरांना बरोबर घ्या, एकट्या हेलपाटे घालू नका. अर्ज बालकल्याण समितीपुढं जातो, ते मुलांना बोलावून घेतात, घाबरायचं नाही, काढून घ्यायला बोलवत नाहीत. लेक-सून कोरोनात गेले असतील तर त्या मुलांसाठी वेगळी मदतही होती, तेही तिथंच विचारा. आणि अनाथ प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, नातवंडं मोठी झाल्यावर उपयोगी पडेल.

नातीचं अक्षर फार सुंदर आहे, तिला सांगा.

प्रश्न : एका दवाखान्यातल्या ओळखीच्या बाईनं सांगितलंय की एका मुलीला बाळ झालंय, तिला ते नकोय, थोडा खर्च दिला तर परस्पर मिळेल, कागदपत्रांचं ती बघेल. घ्यावं का?
— नाव-गाव छापू नये

उत्तर : नाही. आत्ताच्या आत्ता थांबा. परस्पर मूल देणं-घेणं बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पैसे देऊन असेल तर ती खरेदी-विक्री झाली, त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. "खर्च" म्हटलं म्हणून ते बदलत नाही. त्या मुलीला बाळ खरंच सांभाळणं शक्य नसेल तर ती स्वतः समितीपुढं ते रीतसर सोपवू शकते, तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात आणि तिचं नाव बाहेर येत नाही. हे तिला कुणी सांगितलं नसणार. मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन करा, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. मला पत्र लिहिलंत तसं आज त्यांना सांगा.

प्रश्न : बाई, मी सहावीत आहे. आमच्या घरी पुढच्या महिन्यात एक दादा राहायला येणार आहे, तो सातवीत आहे आणि तो होस्टेलसारख्या ठिकाणी राहतो. आई म्हणते त्याला भावासारखं वागव. मला माझी सायकल त्याला द्यावी लागेल का? आणि त्याला त्याच्या आईबाबांबद्दल विचारलं तर चालेल का?
— सात रस्ता

उत्तर : बाळा, तू विचारलंस ते फार बरं केलंस, मोठी माणसं हे विचारतच नाहीत.

सायकल तुझी आहे. तुझ्या ज्या वस्तू तुला कुणालाच द्यायच्या नाहीत त्यातल्या तीन निवड, आत्ताच आईला सांग आणि वेगळ्या ठेव. सायकल त्या तिनात असेल तर तसंही चालेल. बाकीच्या वस्तू दोघांच्या. आणि त्याच्याही तीन वस्तू असतील, कदाचित जुन्या, फुटक्या असतील, त्यांना तूही हात लावायचा नाही.

आईबाबांबद्दल आपण विचारायचं नाही. तो सांगेल तेव्हा ऐकायचं, मध्येच बोलायचं नाही. आणि त्यानं सांगितलेलं वर्गात कुणालाही सांगायचं नाही, बेस्ट फ्रेंडला पण नाही. कुणी विचारलं हा कोण तर म्हण, आमच्याकडं राहतो. तेवढं पुरतं. त्याचा फोटो आईच्या मोबाईलवरून स्टेटसला टाकायचा नाही, आईलाही सांग, कायद्यात मनाई आहे.

कधीकधी तुला त्याचा राग येईल, आई त्याच्याकडंच जास्त बघते असं वाटेल. तेव्हा तू वाईट मुलगी होत नाहीस. आईला एकटीला गाठायचं आणि सांगायचं, आज अर्धा तास फक्त माझा.

अजून एक. सातवीतला असला तरी त्याला सायकल येत नसेल असं होऊ शकतं, शिकवायला कुणी नसेल आणि तो ते सांगणार नाही, लाजेल. सायकल त्या तिनात नसेल आणि तुला वाटलं तरच हे कर. सकाळी लवकर होम मैदानावर जायचं, तेव्हा बघायला फारसं कुणी नसतं. मागून कॅरिअर धरायचं आणि सोडताना सांगायचं नाही. ब्रेक आधी नीट करून घे.